बर्फाला नांदेड-नागपूर रोडचं कौतुक नाही

‘कामं चालू असताना ज्यानं नांदेड-नागपूर रोडवर गाडी हाणली, त्याला बर्फाचं काय भ्या दाखवायलाव काका?’

हे वाक्य महिनाभरात हदगावात मी चार वेळा ऐकलं. एकदा बसस्टँडसमोरच्या टपरीवर, दोनदा टायरच्या दुकानात आणि एकदा लग्नाच्या पंगतीत, वरणावर तूप पडत असताना. गल्लीतली पाच पोरं जानेवारीत मुक्तिनाथला निघालीत, स्वतःच्या डिझेल गाडीनं. नागपूर, जबलपूर, रिवा, प्रयागराज, गोरखपूर करत सोनौलीला नेपाळची सीमा ओलांडायची, मग बुटवल, पोखरा, बेनी, जोमसोम आणि वर मुक्तिनाथ. बेत झकास आहे आणि मी जाऊ नका म्हटलेलं नाही. गाडीची तयारी काय केली, एवढंच विचारलं होतं. उत्तर म्हणून मला गाडीच दाखवली. नवे सीट कव्हर, मागच्या काचेवर ‘हदगाव ते मुक्तिनाथ’, पुढं जाडजूड लोखंडी गार्ड आणि त्यावर पांढऱ्या उजेडाची एलईडी पट्टी.

त्या गार्डचं आधी सांगतो, म्हणजे ते एक मिटेल. बंपरपुढच्या असल्या गार्डांवर कारवाई करा, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय. धडक बसली तर एअरबॅगच्या सेन्सरला ती नीट कळत नाही, आणि पुढं माणूस आला तर त्याचं काही खरं नाही. एलईडीचा पांढरा झोत धुक्यात आणि पडत्या बर्फात उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो. हौसेनं चढवलेले हे दोन्ही दागिने निघण्याआधी उतरवण्याजोगे. सीट कव्हर मात्र छान आहेत.

आता त्या वाक्याकडं येतो. नांदेड-नागपूर रोडनं, म्हणजे आताच्या ३६१ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गानं, आपल्या पोरांना पुष्कळ शिकवलं हे मला कबूल आहे. अर्धवट पूल, उखडलेली खडी, वळणाची पाटीच गायब, रात्री मागं लाल दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या. या रोडनं तीन सवयी हाडात मुरवल्या. खड्डा दिसला की स्टिअरिंग झटक्यात फिरवायचं, अगदी तोंडावर आल्यावर कचकन ब्रेक दाबायचा आणि फट दिसली की रेस देऊन घुसायचं. इथं या सवयींनी जीव वाचतो. बर्फावर याच सवयींनी गाडी हातातून जाते, कारण चाकाला रस्त्याची पकडच नसेल तर झटका जेवढा मोठा तेवढी गाडी लवकर सुटते. ज्या अनुभवाच्या जिवावर पोरं निघालीत, तो तिथं उलटा बसतो.

हिशोबच करून बघा. ताशी ५० च्या वेगात ब्रेक दाबला की चांगल्या कोरड्या डांबरावर गाडी साधारण १४ मीटरांत थांबते. काचेसारख्या गोठलेल्या थरावर पकड डांबराच्या सातव्या हिश्श्यावर येते, म्हणजे तीच गाडी थांबायला शंभर मीटरच्या आसपास खाते. १४ मीटर म्हणजे एक एसटी आणि वर थोडं. शंभर मीटर म्हणजे एकीमागं एक उभ्या केलेल्या आठ-नऊ एसट्या. मुक्तिनाथच्या वाटेवर आठ एसट्या मावतील एवढी सरळ जागा कुठाय? एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला काली गंडकी.

‘मग मामाची फोर बाय फोर नेतो,’ हे पुढचं उत्तर. फोर बाय फोरचा उपयोग गाडी निघताना आणि चढताना होतो, कारण ओढणारी चाकं दोनाची चार होतात. थांबताना तिचा काडीचा उपयोग नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात, अगदी स्वस्तातल्या स्वस्त गाडीच्यासुद्धा. उलट फोर बाय फोर बर्फावरही सुरेख उचलते, म्हणून चालवणाऱ्याला वाटतं की पकड आहे. ती नाही हे त्याला पहिल्या उतारावर कळतं. त्यातून ही वाहनं जड. जडपणानं बर्फावर गाडी लवकर थांबत नाही, धडक मात्र जोरात बसते. आणि पूल दिसला की आधीच सावध व्हायचं. पुलाला खालूनही वारा लागतो, त्यामुळं रस्ता ओला असतो तेव्हा पूल गोठलेला असतो. पैनगंगेचा पूल ओलांडून उमरखेडला आपण किती वेळा गेलो असू, पण पुलावर वेग कमी करायचं कारण आपल्याला कधी पडलेलंच नाही.

हदगावच्या माणसाला निसरड्याचं काही कळत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. त्याला ते चांगलं कळतं, फक्त ते रोडवर कळलेलं नाही, काळ्या रानात कळलंय. मृगाच्या पहिल्या पावसानंतर आपल्या रेगडीत ट्रॅक्टर कसा वागतो ते ज्यानं पाहिलंय, त्याला मी बर्फ दोन मिनिटांत समजावून सांगेन. रुतलेल्या ट्रॅक्टरवर नवखा पोरगा रेस देतो, चाक जागच्या जागी फिरतं आणि एक्सलपर्यंत खाली जातं. जाणता माणूस त्याला खाली उतरवतो, चाकापुढं पळाट्या नाहीतर तुराट्या टाकतो, वर पोतं अंथरतो आणि वरच्या गिअरमध्ये हळूच क्लच सोडतो. बर्फात रुतलेली गाडी काढायची रीत याहून वेगळी नाही. फावडं, दोन रिकामी पोती आणि पिशवीभर चुलीची राख डिकीत टाकली की झालं. हे सगळं हदगावात फुकट मिळतं आणि एलईडी पट्टीपेक्षा लाख पटीनं कामाचं आहे.

याहून मोठी गोष्ट म्हणजे वाफसा. पाऊस उघडला रे उघडला की शेतात औत घालणाऱ्याला आपण काय म्हणतो? वाफसा यायची वाट बघायची असते, एवढं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. बर्फ पडून गेल्यावर रस्त्यालाही वाफसा यावा लागतो. ऊन लागतं, गाड्यांची वर्दळ होते, सावलीतली वळणं सुटतात, मग रस्ता चालण्याजोगा होतो. आमच्या पोरांच्या बेतात सात दिवस लिहिलेत, आणि सातव्या दिवशी एकाला ड्युटीवर हजर व्हायचंय. वाफशाचा दिवस त्यात कुठं धरलेलाच नाही. माझा या बेतावर सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे, गाडीवर नंतर.

गाडीवर म्हणाल तर पहिला आक्षेप पाण्याचा. माझीच गोष्ट सांगतो. मागच्या उन्हाळ्यात एका गॅरेजात (नाव कशाला घ्या) माझ्या गाडीचा होस बदलला आणि कूलंटच्या जागी बोअरचं पाणी भरून दिलं. ‘इथं काय बर्फ पडतो का?’ त्यांचंही चुकलं नाही, आपल्याकडं नुसत्या पाण्यावर गाडी वर्षानुवर्षं चालते. आतून गंजते, क्षार धरते, पण चालते. तेच पाणी घेऊन वर गेलं तर? पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं आणि फुगायला जागा नसली की रेडिएटर फोडतं, नशीब आणखी वाईट असेल तर इंजिनचा ब्लॉक तडकवतं. निम्मं इथिलीन ग्लायकॉल आणि निम्मं शुद्ध पाणी असलं तर उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत भीती नाही. यावर एकानं डोकं चालवलं, ‘मग पूर्णच कूलंट भरू.’ तसंही करू नये. नुसतं ग्लायकॉल उणे १३ च्या जवळपासच गोठतं, पाणी मिसळल्यावरच ते खाली जातं. पोरांच्या गाडीत आत्ता काय आहे ते कोणालाच सांगता आलं नाही. झाकण उघडलं तर फिकट हिरवं, जवळपास लिंबू सरबत. पाच वर्षांत वरून वरून पाणी घालत आलेल्या कूलंटचा रंग असाच असतो. काचेवर फवारायच्या पाण्याचीही तीच गत. साधं पाणी नळीतच गोठतं आणि ट्रकनं उडवलेल्या चिखलानं काच बंद होते. कोणी पहाटे काचेवर गरम पाणी ओतेल तर त्याला आधीच सांगून ठेवतो, काच तडकेल.

दुसरा आक्षेप डिझेलचा. थंडीत डिझेलमधलं मेण सुटतं, फिल्टर तुंबतो आणि इंजिन बंद पडतं. आपल्या देशातल्या मानकात हिवाळी डिझेलचा ओतबिंदू, म्हणजे ज्याच्या खाली ते वाहायचं थांबतं ते तापमान, ३ अंशांपर्यंत आणि उन्हाळी डिझेलचा १५ अंशांपर्यंत चालतो. प्रत्यक्षात डिझेल यापेक्षा बरं असू शकतं, पण हमी एवढीच. लडाखसाठी इंडियन ऑइलनं नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं वेगळं डिझेल आणलं, ते उगीच नाही. जुने ट्रकवाले रॉकेल मिसळायचे आणि पहाटे टाकीखाली जाळ करायचे, हे मलाही माहीत आहे. आजच्या कॉमन रेल इंजिनाच्या पंपाला रॉकेल सोसत नाही, आणि टाकीखालच्या जाळाबद्दल मी काही बोलत नाही. टाकी निम्म्याखाली जाऊ द्यायची नाही, वर जायच्या आधी मेण न धरू देणारं औषध डिझेलात टाकायचं, मुक्काम शक्यतो खाली करायचा आणि गाडी सकाळचं ऊन लागेल अशी लावायची. इंजिन ऑइलचा मी बाऊ करणार नाही. डब्यावरच्या १५ डब्ल्यू मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, आणि पंधरा-चाळीस मुक्तिनाथपुरतं निभावून नेईल. बॅटरी चार वर्षांची असेल तर मात्र इथंच बदला. थंडीत तिची ताकद निम्म्यापर्यंत येते आणि नेमकं तेव्हाच इंजिन फिरायला जास्त जोर मागतं.

हवेच्या बाबतीत माझीच फजिती झाली. मी पोरांना सांगितलं, इथं ३० अंशांत ३५ पॉइंट हवा भरली आणि वर उणे १० झालं, तर साडेसहा पॉइंट उतरतील. ‘आमच्या टायरात नायट्रोजन आहे,’ एक जण म्हणाला. मी म्हटलं, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, थंडीत तोही तेवढाच आकसतो. इथपर्यंत मी जिंकत होतो. मग आमच्या हायस्कूलचे निवृत्त विज्ञान शिक्षक, जे शेजारी पेपर वाचत होते, त्यांनी चष्मा वर केला. मुक्तिनाथ ३७०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. तिथं बाहेरच्या हवेचाच दाब इतका कमी की गेज साडेचार पॉइंट जास्त दाखवील. थंडीचं वजा, उंचीचं अधिक, उरला फरक दोनेक पॉइंटांचा. सरांचं बरोबर होतं. म्हणून आता मी आकडा सांगत नाही. गेज खिशात ठेवा आणि जिथं मुक्काम तिथं सकाळी टायर थंड असताना मोजा, एवढंच सांगतो.

टायरवर मात्र मी हटणार नाही. पोरांनी टायरच्या बगलेवरची एम आणि एस ही अक्षरं दाखवली. ‘मड अँड स्नो लिहिलंय की काका.’ लिहिलंय खरं, पण ती अक्षरं छापायला बर्फावरची कुठलीच परीक्षा लागत नाही. परीक्षा दिलेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी असं चित्र असतं. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसती एम-एस अक्षरं हिवाळी टायर म्हणून धरतच नाहीत. तिथं बर्फाळ रस्त्यावर चांदणीच्या टायरशिवाय सापडलात तर ६० युरो दंड आणि परवान्यावर एक गुण. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल असा हंगामच ठरलेला, आणि नक्षी चार मिलिमीटरांच्या खाली झिजली की तो टायर हिवाळी मानत नाहीत. कारण साधं आहे. सात अंशांच्या खाली साध्या टायरचं रबर कडक होतं. घट्टं पडलेला तळपाय ओल्या फरशीवर जसा सटकतो, तसं.

हे मला मुलीकडं जर्मनीत गेलो तेव्हा कळलं. तिकडची म्हण आहे, ऑक्टोबर ते ईस्टर, म्हणजे तेवढे महिने हिवाळी टायर. आपलं मृग-रोहिणीचं गणित असतं तसंच. उन्हाळी टायर घरात ठेवायला जागा नसते, म्हणून गॅरेजवालेच सांभाळतात, वर्षाचं भाडं घेऊन. टायरांचं लॉज. डिसेंबरात ऑस्ट्रियाला निघालो तर जावईबापू आदल्या रात्री अर्धा तास गाडीभोवती फिरत होते, काचेचं पाणी, दिवे, चाकांना घालायच्या साखळ्या, फावडं, माणशी एक घोंगडी. जावई लातूरचे. बारा वर्षं तिथं गाडी चालवतायत, तरी यादी हातात धरून एकेक खूण करत होते. डोंगरात मुक्कामाला पोचल्यावर सवयीनं माझा हात हँडब्रेककडं गेला. ‘मामा, ओढू नका, रात्रीत गोठून बसतो. गिअरमध्ये ठेवली की झालं.’ बर्फावर मी स्वतः गाडी चालवलेली नाही, शेजारी बसलो होतो. पोरं मला हाच टोमणा मारतात. पण लातूर-नांदेडचा रोड आमच्या जावयांनाही पाठ आहे, आणि त्यांना तो तिथं कामाला आलेला मी पाहिला नाही.

आता पोरांचा एक मुद्दा खरोखर वजनाचा आहे, तो टाळणार नाही. मुक्तिनाथकडचे, मुस्तांगमधले जीपवाले साध्या टायरवर भर हिवाळ्यात लोकांची ने-आण करतातच ना? करतात. पण त्यांची तयारी डिकीत दिसत नाही, डोक्यात असते. कुठल्या वळणाला बारा वाजेपर्यंत ऊन लागत नाही, कुठला ओहोळ रात्री रस्त्यावर येऊन गोठतो, हे त्यांना पाठ असतं. बर्फ पडला त्या दिवशी ते निघत नाहीत. निघाले तर साखळ्या घालून आणि अकरानंतर. त्यांच्या साध्या टायरचा दाखला द्यायचा असेल, तर त्यांच्या थांबण्याचाही द्या. नाहीतर सरळ जोमसोमला आपली गाडी लावा आणि वर त्यांच्या जीपनं जा. याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, फक्त मागच्या काचेवरचं अक्षर थोडं खोटं पडेल.

‘काही होत नाही’ म्हणणाऱ्यांना मी मरीची आठवण करून देतो. पाकिस्तानातलं ते थंड हवेचं गाव. जानेवारी २०२२ मध्ये तिथं बर्फ बघायला आपल्यासारखीच माणसं आपल्यासारख्याच गाड्या घेऊन गेली. रात्रीतून बर्फ पडला, रस्ते बंद झाले आणि गाड्यांमध्येच किमान २२ जण गेले. सगळे थंडीनं गेले नाहीत. ऊब यावी म्हणून काचा लावून इंजिन चालू ठेवलं, सायलेन्सरचं तोंड बर्फानं बुजलं की धूर आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, बसल्या जागी झोप लागते. अडकून पडलात तर आधी उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ फावड्यानं काढायचा, इंजिन थोडा वेळच चालवायचं, काच बोटभर खाली ठेवायची. अशा रात्री ज्यांच्याकडं घोंगडी असेल त्यांना इंजिन कमी लागेल. आपल्या घरात पेटीतळाशी पडलेली काळी घोंगडी यासाठी कुठल्याही जॅकेटाइतकीच भली.

कागदांचं थोडक्यात. नेपाळला कार्नेट, म्हणजे गाडीचा सीमाशुल्क पास, लागत नाही, सीमेवर भन्सार, म्हणजे तिथली जकात, भरून गाडी नेता येते, वर्षात ३० दिवसांपर्यंत. पण आपला गाडीचा विमा भारतापुरता असतो. नेपाळसाठी आयएमटी १ नावाची पुरवणी थोडे जादा पैसे भरून आधी जोडून घ्यावी लागते, आणि पाच जणांतल्या एकालाही ती माहीत नव्हती. आणि बर्फाच्या आधी गोरखपूरकडं धुकं लागेल. जानेवारीत तिथं पहाटे बॉनेट दिसत नाही. तो टप्पा दुपारीच उरका.

एकानं शेवटी मला भित्रा ठरवलं. देवाला निघालोय, देव बघून घेईल, एवढी तयारी करणारा भाविक कसला? त्याला म्हटलं, आषाढीला आपल्या गावातून दिंडी निघते तेव्हा तूच ट्रकमध्ये तंबू, पाण्याची टाकी, गॅसच्या शेगड्या आणि औषधांची पेटी चढवतोस ना? महिनाभर आधी मुक्कामांची यादी करतोस. त्या विठोबावर तुझा विश्वास कमी आहे का? तो हसला, पण माझ्या अंगणात यायला कबूल झाला.

त्यांच्या टायरच्या मापाच्या साखळ्या मी मागवून ठेवल्या होत्या. रविवारी सकाळी पाचही जण गाडी घेऊन आले. शेजारच्या मावशींनी विचारलंच, ‘बैल घेतला का हो?’ साखळी पसरली तर गुंता, गुंता सोडवला तर उलटी, सुलटी करून चाकावर टाकली तर आतल्या बाजूची कडी कोणाच्या हाताला लागेना. पहिली साखळी बसायला पंचेचाळीस मिनिटं लागली. उघड्या हातांनी, कोरड्या अंगणात, उन्हात चहा पीत. बसली तीही पुढच्या चाकाला, आणि गाडी मागच्या चाकांवर ओढणारी.

काढली. दुसरी लावायला उद्या पहाटे साडेपाचला बोलावलंय, लोकरीचे हातमोजे घालून.